भिंगरी घरात, टिकली पाण्यात

आईच्या कटिंगच्या टेबलावर कापड नेहमी दुहेरी घडी घालून पसरायचं. वर एकच कागद, कागदाभोवती खडूची एकच रेघ, आणि कात्री एकदा गोल फिरली की एका फेरीत दोन फ्रॉक. एक भिंगरीचा, एक टिकलीचा. "जुळ्या झाल्या तेव्हाच माझी अर्धी मेहनत वाचली," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि गिऱ्हाइकं हसायची, कारण जुळ्या पोरींनी कुणाची मेहनत वाचवल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

मुली अकरा वर्षांच्या. नाक तेच, डोळे तेच, चिडल्यावर फुगणारे गालही तेच. एकीच्या हनुवटीवर तीळ, म्हणून ती टिकली. दुसरी उभ्या उभ्या गरगर फिरायची, चाल म्हटलं की पळायची, म्हणून ती भिंगरी. शाळेच्या दाखल्यावर वेगळी नावं होती, ती दाखल्यावरच राहिली.

घराचा कायदा एकच होता. एकीला जे, ते दुसरीला. आईचं सगळं बालपण थोरल्या बहिणीच्या उतरलेल्या कपड्यांत गेलं होतं, कोपरावर दुसऱ्याच्या कोपराचा फुगवटा घेऊन. आपल्या पोरींच्या वाट्याला तसलं काही येऊ द्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पाव मोडला तर मधोमध. शिट्टी आणली तर दोन. एकीनं कप फोडला तर बोलणी दोघींना. त्यावर बाबा म्हणायचे, "आमच्या घरी न्याय आंधळा नाही, पण त्याला सगळं डबल दिसतं."

ताप आला तोही जोडीनंच आला. थंडी सरत आली होती. कोरोनाची एक लाट शहरातून निघून चालली होती, आणि जाता जाता या घराची कडी वाजवून गेली. दोघींना एकाच सकाळी कणकण, एकाच संध्याकाळी खोकला. काही दिवस सूप, वाफ आणि एकमेकींच्या पांघरुणात पाय. मग टिकली उठली, खिडकीत जाऊन उभी राहिली, पाव मागून खाल्ला. भिंगरीचाही ताप उतरला. पण पाहुणा गेला तरी त्याची ट्रंक पलंगाखाली राहावी, तसं काहीतरी तिच्या अंगात राहून गेलं.

जिना चढली की काळीज कानात वाजायचं. नुसती उभी राहिली तरी डोळ्यांपुढे काजवे. दुपारपर्यंत पाय असे गळायचे की मोजे काढायलाही कुणीतरी लागावं. डोकं दुखायचं ते एखादी टोपी घट्ट बसल्यासारखं. वाचता वाचता ओळीच्या शेवटाला पोचली की ओळीची सुरुवात पुसून गेलेली असायची. आणि मग एखाद्या सकाळी हे सगळं नाहीसं व्हायचं. भिंगरी हसायची, घरभर हुंदडायची, सगळ्यांना वाटायचं सुटलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंथरुणात पडलेली असायची, पिळून वाळत घालायचं राहून गेलेल्या कापडासारखी.

रक्त तपासलं, ठीक. छातीचा फोटो काढला, स्वच्छ. मग बोलणारे बोलू लागले. आत्यानं फोनवर सांगितलं, "एवढ्याशा पोरीला कसला गं थकवा? हातातला मोबाइल काढून घे, बघ कशी उड्या मारते." फोन स्पीकरवर होता. पलंगावरून भिंगरी म्हणाली, "आत्या, मोबाइल धरूनसुद्धा हात दुखतो गं." आत्यानं फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात तिनं बिस्किटांचा मोठा डबा पाठवला. दोन डबे. कायदा तिलाही ठाऊक होता.

फोन आला त्या संध्याकाळी भिंगरीनं आईचा पदर नाही, मापाचा टेपच धरून ठेवला, गळ्यात लोंबणारा. "मी नाटक करत नाही ना गं आई?"

"नाही."

"तुला कसं कळतं?"

"तुझं अंग तुझं आहे. तू म्हणतेस दुखतंय, म्हणजे दुखतंय. या घरात यावर कुणी वाद घालायचा नाही."

एवढं बोलून आई मशीनवर बसली. तिला रडायला वेळ नव्हता, आणि मशीन चालू असलं की डोळे पुसायला हातही मोकळा नसतो. ती गुणगुणत शिवत राहिली, लहानपणी मुलींना झोपवताना गुणगुणायची तसंच, चाकाच्या ठेक्यावर:

सुई गं माझी बारीक, दोरा गं लांबच लांब,
एक टाका घाल बाई, दुसऱ्यासाठी थांब.

शेवटी मुलांच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई भेटल्या. तरुण होत्या, आणि बोलण्याआधी ऐकून घ्यायच्या. त्यांनी भिंगरीला आधी आडवं झोपवलं, मग उभं केलं, दोन्ही वेळा नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "कोरोना होऊन गेल्यावर काही मुलांना असा त्रास मागे राहतो. रिपोर्ट चांगले आले तरी त्रास खराच असतो. बरीच मुलं हळूहळू सुधारतात. कधी, ते मी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर ती थाप होईल." मग भिंगरीकडे वळून, "तू एकच शिकायचंस. दमल्यावर थांबायचं नाही. दमायच्या आधी थांबायचं."

बाबा शहर-बसचे ड्रायव्हर. त्यांना ते लगेच पटलं. "बरोबर आहे! स्टॉप आल्यावर ब्रेक दाबला तर बस पुढच्या चौकात जाऊन थांबेल. आधी दाबायचा."

"बाबा, मी बस आहे का?"

"मिनीबस."

घरी आल्याबरोबर आईनं कामाला सुरुवात केली, आणि तिचा हात जसा वळलेला होता तशीच केली. कागद एक, घडी दुहेरी. वरच्या खोलीतले दोन्ही पलंग खाली आईच्या शिवणाच्या दुकानात आले, कटिंगच्या टेबलाशेजारी, पडद्याआड, म्हणजे जिना नको. अर्धा दिवस शाळा, दोघींना. दुपारची झोप, दोघींना. पोहण्याचा वर्ग बंद, दोघींचा. एकीनं पाण्यात उड्या मारायच्या आणि दुसरीनं काठावर बसून बघायचं, हे आईच्या डोळ्यांपुढे नुसतं येऊन गेलं तरी ती कात्री खाली ठेवायची. टिकली काहीच बोलली नाही. बोलायची वेळ आली की भिंगरी बोलायची आणि टिकली मान हलवायची, हे दोघींमध्ये जन्मापासून ठरलेलं. फरक एवढाच की दुपारी पडदे ओढले की भिंगरी झोपायची, आणि टिकली छतावरच्या ओलीच्या डागात घोडा शोधत पडून राहायची.

उन्हाळा येऊन माघारी गेला. भिंगरीच्या चांगल्या दिवसांमधली अंतरं थोडी कमी झाली. भाजलेल्या पावाला मध्यंतरी तिला जळक्या रबराचा वास यायचा, तो आता पावासारखाच यायला लागला. घर कसं छान सावकाश चाललं होतं, कडेनं तुरपाई करत जावं तसं. आणि एका सकाळी टिकली बुटात पाय घालता घालता थांबली.

"आई, माझेपण पाय गळाल्यासारखे झालेत."

आईनं हातातली टाचणी कापडात खोचली. तिनं टिकलीला जवळ ओढलं, कपाळाला हात लावला, मनगट धरलं. विचारलं मात्र काहीच नाही. एका लेकीवर जगानं शंका घेतलेली तिनं पाहिली होती. दुसरीवर ती स्वतः कशी घेणार? तिनं डॉक्टरबाईंची पुढची वेळ मागून घेतली, आणि टिकलीची उरलीसुरली अर्धी शाळाही बंद केली.

त्याच आठवड्यात पोहणं शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या, ट्रॅकसूटची चेन बदलून घ्यायला. गळ्यात शिट्टी, दुकानातही. "तुमची टिकली येणार का हो? सोमवारपासून नवा वर्ग सुरू होतोय. पाण्यात काय सुरेख सरकते ती. भिंगरी नुसती धडपडायची, मासा खरी ही. तिची जागा मी धरून ठेवलीय, पण सोमवारपर्यंतच."

"दोघी बऱ्या झाल्या की दोघी येतील," आई म्हणाली, चेनीचा रंग जुळवत.

पडद्याआड पलंगावर भिंगरी जागी होती. नुसती धडपडायची, हे ऐकून ती आधी चिडली. मग तिनं मान वळवून शेजारच्या पलंगावर पाहिलं. टिकली पालथी पडलेली होती, तोंड उशीत, आणि तिचे दोन्ही हात चादरीवरून पुढे जात होते, बाजूला होत होते, मागे येत होते. पुन्हा पुढे, पुन्हा बाजूला. पाय मागे फुलपाखरासारखे उघडमीट करत होते. गळालेले पाय!

"टिकले."

हात जागच्या जागी थांबले. "काय?"

"दाखव तुझे पाय गळतात कसे."

"गळतात. आत्ता थांबलेत गळायचे."

"खोटारडी. पाय गळतात तेव्हा मांडीपासून गळतात. तू बुटाशी बसून फक्त घोटा धरला होतास. मी बघत होते."

टिकलीनं उशीतून तोंड वर काढलं. नाक लाल झालं होतं. "मग काय करू? तू आतमध्ये आणि मी बाहेर पळत सुटू? मला शाळेत मुली विचारतात, तुला झालं नाही का, तिलाच कसं झालं? मला काय माहीत तिलाच कसं झालं! आपल्याला सगळं बरोबरच होतं."

"बरोबर झालं असतं तर फार बरं झालं असतं का? दोघी पडून. वा."

"एकटी तरी पडली नसतीस."

भिंगरी उठून बसली. बसल्यावर जरा वेळ डोळे मिटून राहिली, काजवे जाईपर्यंत. मग म्हणाली, "ऐक. मला तुझा कंटाळा आलाय."

"काय?"

"दिवसभर तू माझ्या तोंडाकडे बघतेस आणि मी तुझ्या. मला दिसतं तेवढंच तुला दिसतं. छतावरचा घोडा मीपण पाहिलाय, त्याला शेपूट नाही. तू बाहेर गेलीस तर निदान काहीतरी घेऊन येशील. कोण पडलं, कोण रडलं, बाईंनी कुणाला शिट्टीनं हाणलं. मी घरात, तूपण घरात. मग मला बाहेरचं कोण सांगणार? आत्या?"

टिकलीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं.

दुपारी भिंगरीनं आईला गाठलं. "टिकलीला सोमवारी पाठव. तिला काही झालेलं नाही."

आईनं मशीन थांबवलं नाही. "तिला काय होतंय ते तिला ठाऊक. तुला कुणी असं म्हटलं होतं तेव्हा कसं लागलं होतं, विसरलीस?"

"पण मला खरंच होत होतं!"

"तिलाही खरंच होत असेल."

"तिला मी होतेय, आई!" भिंगरी ओरडली. ती टेबलाशी उभी होती, आणि बराच वेळ उभी होती. "तिला आजार नाही झाला, ती मी होतेय. तू तिलापण झोपवून ठेवलंस तर मी बरी होऊन उपयोग काय? मी उठेन तेव्हा ती पोहणं विसरलेली असेल!"

पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. काळीज कानांत धावू लागलं, टेबलाची कड हातातून सुटली, आणि आईनं तिला वेळेवर कवेत धरलं. पुढचे दोन दिवस पडदे ओढलेले राहिले. आई दुधात पाव बुडवून भरवत होती आणि मनात म्हणत होती, या पोहण्याचं नावच नको घरात. भिंगरी मात्र डोळे न उघडता एवढंच विचारायची, "आज वार कोणता?" शुक्रवार, शनिवार, आई सांगायची, की तिच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी यायचं. डोकं दुखत होतं त्याचं नव्हतं ते. आईला दुखण्याचं पाणी आता ओळखू यायचं.

डॉक्टरबाईंची वेळ त्याच शनिवारची होती. बाबा सुट्टी घेऊन भिंगरीजवळ थांबले आणि आई टिकलीला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी टिकलीला आडवं झोपवलं, उभं केलं, नाडी पाहिली, जिना चढून यायला सांगितलं. ती चढली, उतरली, आणि तिसऱ्यांदा न सांगता चढली. आई दारात उभी राहून बघत होती. किती दिवसांनी या घरातलं कुणीतरी जिना पळत चढत होतं!

"काय गं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

टिकली जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. घराबाहेर, भिंगरी शेजारी नसताना, तिनं आयुष्यात पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य उच्चारलं असेल. "माझे पाय दुखत नाहीत, पण मी पळाले तर आईला वाटेल मला भिंगरीचं काहीच नाही, आणि मी झोपून राहिले की आई दोघींच्या केसांतून हात फिरवते, आणि मग सगळं बरोबर असल्यासारखं वाटतं."

डॉक्टरबाई वर जाऊन तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. आईकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि त्याबद्दल आईनं मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

परतताना बसमध्ये आईनं टिकलीला खिडकीशी बसवलं. "खोटं का बोललीस, हे विचारणार नाही मी तुला," ती म्हणाली.

"का?"

"आपल्या घरी एकीनं कप फोडला तरी बोलणी दोघींना बसतात. मग आज फुटलेल्या कपात माझाही हात आहे, तर एकटीला कशी बोलू?"

रविवारी सकाळी आईनं ताणलं की लांबणाऱ्या कापडाचा निळा तुकडा काढला. पोहण्याचे जुने पोशाख दोघींना आखूड झाले असणार, नवा शिवायलाच हवा. सवयीनं तिनं कापड दुहेरी केलं, जुना कागद वर ठेवला, खडू उचलला. आणि मग खडू खाली ठेवून टेप गळ्यातून काढला. "या इकडे दोघी. भिंगरे, तू बसूनच राहा."

टिकलीचे खांदे रुंद भरले. भिंगरीचं माप आईनं तिला पलंगावर आडवं पाडूनच घेतलं, डोक्यापासून टाचेपर्यंत, आणि मग पुन्हा एकदा घेतलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"ही उंच झालीय. टिकलीपेक्षा चांगली बोटभर."

"मी?" भिंगरी हरखून म्हणाली. "झोपून झोपून?"

"पीठ झाकून ठेवलं की फुगतं तशी," बाबा म्हणाले. "आणि आम्ही मूर्ख, उभं राहून वाढायला बघत होतो."

टिकली चटकन भिंगरीशेजारी आडवी पडली, टाचेला टाच लावून. खरंच होतं. "हे चालणार नाही!" ती म्हणाली. त्या घरात अन्यायाविरुद्धची तिची ती पहिलीच तक्रार होती, आणि सगळे एवढे हसले की भिंगरीला, दमायच्या आधी, हातानं खूण करून त्यांना थांबवावं लागलं.

आईनं जुना कागद गुंडाळून बाजूला ठेवला. कापडाची घडी उलगडली, एकेरी पसरली. एवढ्या मोठ्या टेबलावर एकेरी कापड तिला जरा उघडं उघडं वाटलं. "टिकले, तुला काय शिवू?" हा प्रश्न तिनं आजवर कधी विचारलाच नव्हता.

"पोहण्याचा. पाठीवर पट्ट्या फुलीच्या."

"आणि तुला?"

भिंगरीनं विचार केला. "मला पोशाख नको आत्ता. मला पायजमा शिव. कमरेला मऊ इलॅस्टिक, आणि खिसे इतके मोठे की आडवी पडल्यावर पुस्तक, बिस्किटं आणि एक सफरचंद राहील. बिनकामाचा पायजमा."

"रंग?"

"तिचा निळा आहे ना? मग मला निळा नको. पिवळा."

आईनं दोन कागद कापले. एकावर पट्ट्या, एकावर खिसे. वेळ दुप्पट लागला. पिवळ्या पायजम्याच्या पायाशी तिनं भरपूर माया सोडली, ही पोर आणखी लांब होणार म्हणून, आणि कडा आत दुमडताना ती पुन्हा गुणगुणायला लागली होती हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी बाबांच्या बसमधून टिकली एकटी गेली. भिंगरी दारापर्यंत आली, खुर्चीत बसली, हात हलवला, आणि बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर आत येऊन पिवळ्या पायजम्यात पडून राहिली. दुपार नेहमीपेक्षा लांब होती. आईला वाटलं, चूक झाली की काय. पोर गप्प आहे. तिनं विचारलं, "वाईट वाटतंय?"

"थोडं," भिंगरी म्हणाली. "खूप नाही. तू शिव ना. मी वाट बघतेय, वाट बघताना बोलायचं नसतं."

संध्याकाळी दार धाडकन उघडलं. टिकली आत आली ती केसांतून पाणी गाळत, बूट हातात, आणि तोंड सुरू. आठवडाभराचं बोलणं तिनं एका श्वासात ओतलं. उडी मारताना एका मुलाची सैल चड्डी फळीलाच अडकून राहिली. बाईंची शिट्टी पाण्यात पडली, सगळ्यांनी बुड्या मारल्या, मिळाली ती तिलाच. नव्या वर्गात मुली केवढाल्या आहेत. शर्यत लावली आणि—

"कितवी आलीस?"

टिकलीनं बूट खाली ठेवले. "शेवटून दुसरी."

"शेवटून दुसरी!" भिंगरी कोपरावर उठली. "एवढ्यासाठी पाठवलं का तुला? पाय गुडघ्यातून मारले असशील. तू नेहमी गुडघ्यातून मारतेस. पाय कमरेतून मारायचे असतात."

"तू मोठी शहाणी! तू तर नुसती धडपडायचीस, बाई म्हणाल्या."

"धडपडून का होईना, पहिली यायचे!"

"मग तू ये आणि मार ना!"

आईचा पाय मशीनवरून आपोआप उचलला गेला. इतके महिने या घरात सगळ्यांनी 'तू ये' हे एकच वाक्य तोंडातल्या तोंडात ठेवलं होतं, दोघींसमोर, दाराआड, फोनवर. टिकलीनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

भिंगरी परत उशीवर टेकली, दोन्ही हात खिशांत खुपसले आणि सफरचंद काढलं.

"येईन," ती म्हणाली. "घाई नाही मला. तोवर तू शेवटून तिसरी तरी ये, म्हणजे मला हरवायला कुणीतरी बरं मिळेल."

"शेवटून तिसरी? मी पहिली येईन! तुझ्या नाकावर टिच्चून!"

"ये की. आधी केस पूस, माझ्या पायजम्यावर पाणी पडतंय."

"पडू दे. पाडणार. हे घे!"

"आई! ही बघ!"

आईनं काही बघितलं नाही. आज एकीलाही बोलायचं नाही, असं ठरवून तिनं सुईत नवा दोरा ओवला.